सोमवारची बादली जड का होते? घरातलं अन्न वाया जात असेल तर काय काय तपासायचं

दर सोमवारी सकाळी घंटागाडी गल्लीच्या तोंडाशी आली की मी ओल्या कचऱ्याची बादली उचलते आणि मनात म्हणते, पुढच्या रविवारी बेतानंच करायचं. पुढच्या सोमवारी बादली तेवढीच जड. एरवी एका हातानं उचलणारी बादली सोमवारी कमरेला टेकवून न्यावी लागते. हे महिन्या-दोन महिन्यांचं नाही, वर्षानुवर्षं चाललेलं.

घर कोल्हापुरात राजारामपुरीतलं, माणसं पाच: आम्ही दोघं, सासूबाई, नववीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी. उधळं आमच्यात कुणीच नाही. सासूबाई तर कोथिंबिरीचे देठसुद्धा वाटणात घालतात. तरी हे होतं. तुमच्याकडंही होत असेल तर पुढं लिहिलंय तसं तपासून बघा. आमचं जे फसलं तेही सांगते, तुमचा तेवढा वेळ वाचेल.

पहिला फसलेला उपाय मोठा फ्रीज. वाटलं, जागा झाली की उरलेलं नीट राहील. झालं उलटं. पूर्वी रात्री उरलेली वाटीभर उसळ कुणीतरी उभ्या उभ्या संपवायचं, कारण ठेवायला जागाच नसायची. आता ती वाटी मागच्या कोपऱ्यात जाते, तिच्यापुढं दुसरी येते, आणि पाचव्या दिवशी दोन्ही बाहेर पडतात. अन्न वाचलं नाही, फक्त टाकायचा दिवस पुढं गेला. वर टाकताना मनाला लागत नाही ते वेगळंच, कारण तोवर त्याला वास आलेला असतो.

दुसरा उपाय, आठवड्याचा बेत कागदावर लिहून फ्रीजला चिकटवणं. बुधवारपर्यंत टिकला. बुधवारी गडहिंग्लजहून मामा आले. कोल्हापुरात आलेल्या माणसाला चहावर पाठवत नाहीत. "जेवूनच जावा" म्हटलं की बेत मोडला. तिसरा उपाय एकमेकांना बोलणं. तो अजून चालू आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

आधी वजन, मग भांडण

ज्यानं फरक पडला ती गोष्ट साधी होती. गॅसची टाकी तोलायचा एक ताणकाटा माळ्यावर पडून होता, तो काढला. ओल्या कचऱ्याच्या दोन बादल्या केल्या. एकीत साली, देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, हाडं. म्हणजे जे कधीच ताटात येणार नव्हतं ते. दुसरीत जे कधीतरी खाण्याजोगं होतं ते सगळं. रोज रात्री दोन्ही तोलायच्या आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायचं. सात दिवस.

सात दिवसांत एकूण भरलं ८ किलो १०० ग्रॅम. त्यातलं ४ किलो ९०० सालीदेठं. उरलेलं ३ किलो २०० ग्रॅम म्हणजे निव्वळ अन्न: भात ९००, भाकरी-चपाती ७००, रस्सा आणि भाज्या ११००, आणि न शिजवताच कुजलेली पालेभाजी, फळं ५०० ग्रॅम. एकट्या सोमवारच्या दोन्ही बादल्या मिळून २ किलो ३००.

ताडून बघायला एक आकडा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात भारतातल्या घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं असा अंदाज आहे, साली-हाडं धरून. पाच माणसांना ते आठवड्याला साधारण सव्वापाच किलो होतं. आम्ही दीडपटीवर. जगाची सरासरी माणशी ७९ किलो आहे, तिच्याशी तुलना करून नवऱ्यानं थोडं समाधान मानून घेतलं. मी नाही मानलं.

तोलल्याचा खरा फायदा आकड्याचा नाही. "लई वाया जातंय" या एका वाक्यातून चार वेगवेगळी दुखणी सुटी झाली, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं निघालं. म्हणून सांगते, औषध करायच्या आधी सात दिवस तोलाच. तुमच्याकडं कदाचित भात नसेल, दूध असेल, किंवा मुलांच्या डब्यातलं परत आलेलं असेल.

भात रोज उरतो: माप बघा

भात सासूबाई लावतात. त्यांचं पितळी चिपटं आहे, घासून घासून कडा पातळ झालेलं. एका संध्याकाळी मी काटा घेऊन बसले आणि म्हटलं, "आई, रोजच्यासारखे तांदूळ घ्या बघू." त्यांनी डब्यात चिपटं बुडवलं. वर शीग आली, ती सांडू न देता अलगद पातेल्यात रिकामी केली. मग पुन्हा अर्धं चिपटं, त्यालाही शीग. वजन भरलं ३९० ग्रॅम.

"हे माप कधीचं हो?"

"माझ्या लग्नातलं. तवा घरात अकरा माणसं. तीन चिपटी लागायची." मग त्यांनी स्वतःच बोटं मोडली. "आता पाच माणसं, म्हणून दीड घेतो."

हिशेब चोख होता. अकराचे पाच झाले, तिनाचं दीड झालं. फक्त दीड घेताना शीग कुणी मोजत नव्हतं, आणि अकरांच्या त्या घरात शेतावर जाऊन येणारी, परातभर भात संपवणारी माणसं होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आज्जी, मी तर रात्री चपातीच खातो की." (आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'खातो'च म्हणतात. पुण्याची आत्या दरवेळी हसते, हसू दे.) मुलगाही भाताला हात लावत नाही. म्हणजे रात्री भात खाणारी माणसं तीन आणि तांदूळ ३९० ग्रॅम. शिजल्यावर तांदूळ वजनाला जवळपास तिप्पट होतो. रोज अर्धा किलोच्या आसपास भात जास्त व्हायचा. त्यातला बराचसा सकाळी फोडणी होऊन डब्यात जायचा. रोज फोडणीचा भात कोण खाणार? उरलेला बादलीत.

औषध: चिपटं तेच, पण एकच आणि बोटानं सपाट केलेलं. पाहुणा आला तर बाजूला पातेलं आहेच, भाताला वीस मिनिटं लागतात. सासूबाईंना पहिले चार दिवस कसंतरी झालं. पातेल्याचा तळ दिसणं म्हणजे कुणीतरी उपाशी राहिलं असं त्यांना वाटतं. पाचव्या दिवशी त्यांनीच पातेलं पुसून दाखवलं. आजरा घनसाळ असला तर मात्र मी बोलत नाही. तो वासानंच संपतो.

उरलाच तर एक खबरदारी. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायची पद्धत आपल्याकडं घरोघरी आहे, आणि तिथंच धोका आहे. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष सकाळच्या फोडणीनं किंवा वाफेनं जात नाही. म्हणून जेवणं आटोपली की भात पसरट डब्यात काढायचा, वाफ गेली की तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. रात्रभर बाहेर राहिलेला भात टाकलेला बरा. वाचवायचं म्हणून पोट बिघडवून घेण्यात काय अर्थ आहे?

भाकरी संध्याकाळपर्यंत कडक होते: दळण बघा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. मी समजत होते की भाकरी जास्त होतात. मोजल्यावर दिसलं की जास्त होत नाहीत, दुपारची भाकरी संध्याकाळी कुणी घेत नाही. कारण ती कडक, कडेला चिरलेली. आणि त्याचं कारण पीठ. गिरणीत दोनदा जायला नको म्हणून आम्ही दहा किलो शाळू एकदम दळून आणत होतो. शाळूच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, दिवसागणिक जाते. पंधरा-वीस दिवसांनी उकळीचं पाणी घालून मळलं तरी भाकरी थापताना तुटते, आणि तुटकी भाकरी लवकर वाळते. बाजरीचं तर आणखी वाईट, तिच्यात तेल जास्त असल्यामुळं पीठ कडवट होतं.

आता दळण तीन किलोचं, आठ-दहा दिवसांचं. गिरणीच्या खेपा वाढल्या, त्या मुलाच्या सायकलवर घातल्यात. भाकरी कापडात गुंडाळून बुट्टीत ठेवली की संध्याकाळीही मोडून खाता येते. उरलेल्या एक-दोन भाकरींचे तुकडे होतात: कांदा, मोहरी, थोडी चटणी, वर शेंगदाण्याचा कूट. मुलगा मिटक्या मारत खातो. फक्त पावसाळ्यात शिळी भाकरी दुसऱ्या दिवसापुढं नेऊ नका. जुलैत इथं हवाच ओली. हिरवट-पांढरी बुरशी दिसली की तेवढा तुकडा मोडून बाकी खायची नाही, कारण दिसतो तो फक्त वरचा भाग, धागे आतपर्यंत गेलेले असतात. खवट, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांचंही तेच. तिथं काटकसर नको.

रविवारचा रस्सा: बादलीचं खरं वजन इथं आहे

रविवारी मटण. दीड किलो आणायचं, तांबडा मोठ्या पातेल्यात, पांढरा त्याहून थोड्या लहान पातेल्यात. रस्सा कमी पडणं म्हणजे कोल्हापुरात अब्रू जाणं. सुकं मोजून वाढतील, पण रस्सा मागेल तेवढा. दुपारी दोनला सगळे आडवे होतात, रात्री कुणालाच भूक नसते, आणि अर्धी-अर्धी पातेली ओट्यावर. सोमवारी सासूबाईंचा उपवास, नवरा ऑफिसात, मुलांचे डबे शाकाहारी. बादली जड न होऊन सांगेल कुणाला? आषाढात त्र्यंबोलीची यात्रा असली की विचारायलाच नको. गल्लीत पी ढबाक वाजत असतं आणि प्रत्येक घरात दुसऱ्या घरासाठी म्हणून वाढवून केलेलं असतं.

रस्सा कमी करा असं मी सांगणार नाही, कारण मीही केला नाही. दोन गोष्टी बदलल्या.

पहिली पांढऱ्याची. पांढरा टिकत नाही, कारण त्यात नारळाचं दूध असतं. ते लवकर आंबतं, आणि फ्रीजरमधून काढून उकळलं तर फाटतं, वर पाणी आणि खाली चोथा. आधी आम्ही सगळ्या अळणी पाण्याचा, म्हणजे मटण शिजवलेल्या बिनतिखटाच्या पाण्याचा, पांढरा करून टाकायचो. आता मटण शिजलं की अळणी पाणी गाळून दोन भाग करते. एका भागात नारळाचं दूध आणि तीळ-खसखस-काजूचं वाटण घालून दुपारपुरता पांढरा. दुसरा भाग नुसता अळणी, गार करून डब्यात आणि डबा फ्रीजरमध्ये. पुढच्या आठवड्यात कुणाला सर्दी झाली की मिरपूड घालून तेच पाणी वाटीतून द्यायचं, नाहीतर ताज्या नारळाचा पुन्हा पांढरा. ही एक युक्ती आमच्या सोमवारच्या बादलीतून जवळपास अर्धा किलो काढून गेली.

दुसरी गोष्ट तांबड्याची, आणि इथं घरात वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, "रात्री एक उकळी द्या, सकाळी एक उकळी द्या, काय होतंय?" त्यांच्या वेळी फ्रीज नव्हता, चुलीच्या आरावर पातेलं रात्रभर कढत राहायचं, तेव्हा खरंच काही होत नसेल. गॅसवर तसं होत नाही. मोठं पातेलं बंद केल्यावर चार-पाच तास कोमट राहतं, आणि ५ ते ६० अंशांच्या मधला तो काळ जिवाणूंना पोषक. मटणाच्या रश्श्यासारख्या घट्ट, खोल भांड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू याच वेळी वाढतो. म्हणून आता जेवणं झाली की उरलेला तांबडा लगेच दोन-तीन पसरट स्टीलच्या डब्यांत ओततो. परातीत गार पाणी घेऊन त्यात डबे ठेवायचे, पळीनं हलवायचं, एकदा पाणी बदलायचं. अर्ध्या-पाऊण तासात डबा हाताला गार लागतो. मग एक डबा फ्रीजमध्ये सोमवार-मंगळवारसाठी, बाकी फ्रीजरला. डब्यावर मेडिकलच्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तारीख लिहायची. तारीख नसेल तर तो डबा गणपतीपर्यंत तिथंच राहतो, अनुभव आहे. गरम करताना लागेल तेवढाच काढायचा आणि खदखदून उकळायचा. पुन्हा पुन्हा सगळा डबा गरम-गार करायचा नाही.

मंगळवारी त्या तांबड्यात उकडलेली अंडी सोडली की नवीन कालवण झालं. मटकीची उसळ उरली असेल तर दुसऱ्या दिवशी कट वाढवून मिसळ. ही तर या गावाची जुनी अक्कल आहे, तिला वेगळं नाव द्यायला नको.

पेंड्या कुजतात: पंचगंगेची पातळी बघा

हे वाचून बाहेरगावचे हसतील, पण इथल्यांना कळेल. जुलै लागला की आमच्याकडं सकाळी पहिली चौकशी राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ३८ झाले की नवरा कपिलतीर्थ मार्केटात, आणि येताना दोन्ही पिशव्या भरून: चार पेंड्या मेथी, पोकळा, शेपू, दोन किलो टोमॅटो, हिरव्या मिरच्या. त्याला दोष देत नाही. २०१९ च्या ऑगस्टात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, दिवसच्या दिवस वाहतूक बंद होती, आणि भाजी-दुधाला आपण सगळेच धावत होतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. ती भीती अंगात बसलीय. पण बहुतेक वेळा पाणी ४१ ला जाऊन उतरतं आणि घरात मेथीचा चिखल होतो.

भीती ठेवा, यादी बदला. पुराच्या भीतीनं आणायचं ते टिकणारं: कांदा, बटाटा, लाल भोपळा, सुरण, कोबी, आणि कडधान्यं. सांडगे घरात असतातच. पालेभाजी एका दिवसाचीच, पूर असो नसो. कांदा-बटाटा मात्र एका बुट्टीत ठेवू नका, बटाट्याच्या ओलीनं कांदा सडतो. केळी आणि पिकलेले टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याशेजारी ठेवलेली पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते. कोथिंबीर आणली तशी पिशवीत ठेवली तर तिसऱ्या दिवशी काळी. मुळं कापून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडा काढते. धुवायची असेल तर वापरताना.

वीज गेली तर फ्रीज उघडू नका, एवढंच. दार बंद राहिलं तर खालचा भाग साधारण चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. "बघू काय काय आहे" म्हणून दर तासाला दार उघडणारा माणूस प्रत्येक घरात एक असतो. आमच्यात कोण ते सांगत नाही.

चटणीचं थोडक्यात: वर्षाच्या कांदा-लसूण चटणीला पावसात जाळी लागत असेल तर दोष बरणीचा नाही, ओल्या चमच्याचा. मोठ्या बरणीतून पंधरा दिवसांची लहान बरणीत काढा, मोठीत हिंगाचे खडे टाकून पुन्हा उघडू नका. आणि पाकिटावरच्या तारखा नीट वाचा. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' उलटली की खायचं नाही. 'बेस्ट बिफोर' चवीबद्दल, कुरकुरीतपणाबद्दल आहे. ती तारीख काल गेली म्हणून चांगला पापड फेकायचं कारण नाही.

"म्हशीला घालू की": हा उपाय तपासून घ्या

धारोष्ण दुधाचं हे गाव. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून पेला देतात. त्यामुळं उरलेलं अन्न म्हशीला गेलं की पुण्य लागलं, अशी आपली समजूत. आमच्या गल्लीत येणाऱ्या गवळ्याला मी एकदा रविवारचं सगळं उरलेलं, भात-भाकरी-पुरी, बादली भरून दिलं. त्यानं बादली बघितली आणि परत केली. "वहिनी, भात नगं. मागं लग्नातला भात घातला आणि म्हस फुगली. डॉक्टर आणाय लागला."

तो बरोबर होता. गाय-म्हैस गवत-कडब्यावर वाढलेली. तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू चाऱ्यासाठी तयार झालेले असतात. एकदम खूप भात, चपाती, पुरी पडली की पिष्ट झपाट्यानं आंबतं, पोटात आम्ल वाढतं, जनावर चरायचं थांबतं, आणि जास्त झालं तर दगावतंही. लग्नसराईत अशा तक्रारी जनावरांच्या डॉक्टरांकडं नेहमी येतात. तो आता आमच्याकडून कोबीची वरची पानं, मुळ्याचा पाला, मक्याची पानं, वाटाण्याची टरफलं नेतो. मोकळ्या बादलीत. पिशवीला गाठ मारून दिलं तर जनावर पिशवीसकट गिळतं.

खताची टोपली फक्त पावसाळ्यातच का नासते

आता ती ४ किलो ९०० ग्रॅम सालीदेठं. ही कमी होणार नाहीत, पण ती घंटागाडीत जायलाच हवीत असंही नाही. ओलं आणि सुकं घरातच वेगळं करायची जबाबदारी घनकचरा नियमांनी आपल्यावर टाकलीय. वेगळं केलेलं ओलं गच्चीवर जिरवलं तर कसबा बावड्याच्या झूमवरच्या, म्हणजे गावाच्या कचरा डेपोवरच्या, ढिगात तेवढं कमी जातं. मोठ्या ढिगात दाबलं गेलेलं अन्न हवेविना कुजतं आणि मिथेन वायू सोडतं. घरच्या टोपलीत हवा खेळती राहिली की तसं होत नाही.

आमची टोपली म्हणजे भाजीचं जुनं क्रेट, आत गोणपाट, वर पत्र्याचं छप्पर. नोव्हेंबर ते मे झकास चालायची. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वास सुरू, जुलैत अळ्या, शेजारच्या काकूंचं नाक मुरडणं, आणि मग सगळं पोत्यात भरून गाडीत. तीन वर्षं हेच. तपासायची रीत अशी:

मूठभर काढून पिळा. बोटांतून पाणी गळलं तर जास्त ओलं, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, काहीच नाही आणि मुंग्या फिरतायत तर फार कोरडं, पाणी शिंपडा. आंबट-कुजका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. तळापर्यंत उलथा आणि सुकं घाला. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे हिरवं जास्त, सुकं कमी. इलाज तोच, पण सुकं आणखी घाला. अंदाज असा: एक ओंजळ ओलं तर दोन ओंजळी सुकं. बारीक चिलटं उठतायत म्हणजे केळ्याची किंवा आंब्याची साल वर उघडी राहिलीय. उंदीर-घूस येतेय म्हणजे हाडं किंवा तेलकट रस्सा पडलाय. तो टोपलीत कधीच टाकायचा नाही, आमची हाडं घंटागाडीतच जातात.

अळ्यांबद्दल मी सगळ्यात जास्त घाबरले होते. करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या घरमाशीच्या नाहीत, काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी ताटावर बसत नाही, तिच्या अळ्या ओलं भराभर खातात. त्यांना मारायची गरज नाही. प्रत्येक वेळी ओल्यावर सुक्याचा जाड थर दिला की त्या दिसायच्या कमी होतात. शेजारच्या काकूंना हे पटलेलं नाही.

पण मूळ दुखणं वेगळंच होतं. जुलैत सुकं आणणार कुठून? पानं भिजलेली, वखारीतला भुसा ओला. म्हणजे पावसाळ्यातल्या टोपलीची सोय फेब्रुवारीतच करावी लागते. आता माघ-फाल्गुनात बदाम-जांभळाची पानं गळतात तेव्हा मुलं चार पोती भरतात, माहेरून उसाचं पाचट येतं, ते कोयत्यानं बारीक करून पाचव्या पोत्यात. पोती माळ्यावर. रसवंतीचं चिपाड फुकट मिळतं म्हणून एकदा आणलं होतं. गोड असतं, नीट वाळवलं नाही तर गल्लीभरच्या मुंग्या तुमच्या गच्चीवर. भुसा घ्यायचा तर लाकडाचा, प्लायवूडचा नको, त्यात डिंक-रसायनं असतात. विरजण म्हणून आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून महिन्यातून एकदा शिंपडते. त्यानं किती फरक पडतो कोण जाणे, पण सुक्या पानांनी पडतो हे नक्की. गेल्या जुलैत पहिल्यांदा टोपली गाडीत गेली नाही. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत होणारं खत पावसात तीन महिने घेतं, तेवढी दुसरी टोपली हाताशी ठेवा.

अजून न सुटलेलं

गेल्या महिन्यात पुन्हा सात दिवस तोललं. खाण्याजोगी बादली ३ किलो २०० वरून १ किलो १०० वर आली. सोमवारची बादली आता एका हातानं उचलते.

राहिलेल्या ११०० ग्रॅममध्ये मुलीच्या डब्यातली अर्धी चपाती रोज आहे. एकच दिली तर अर्धी परत येते, दोन दिल्या तर दीड खाऊन अर्धीच परत येते. भाजी बदलून बघितली, गुंडाळी करून बघितली, तूप-गूळ लावून बघितलं. परवा विचारलं तर म्हणाली, "आई, सुट्टी संपल्याची घंटा होती, मग मी टाकून पळतो." यावर कुणाकडं औषध असेल तर कळवा.